ओल किती वेळ टिकते

ब्रिटिश फौजेच्या काडतुसांना हिंदुस्थानात एक चमत्कारिक दुखणं जडलं होतं. कारखान्यात तपासून पेटीबंद केलेली पितळी काडतुसं कोठारात नुसती पडून असताना तडकत. त्यांना कोणी हात लावलेला नसे, त्यांच्यावर काही पडलेलं नसे. पावसाळ्यात पेटी उघडली की काडतुसाच्या मानेपाशी, म्हणजे गोळी जिथे घट्ट आवळून बसवलेली असते तिथे, उभी चीर दिसे. हिरवा थर नाही, खड्डे नाहीत, धातू झिजल्याची खूण नाही. पितळ चांगलं दिसतंय आणि तरीही फाटलंय. पावसाळ्याबरोबर येणाऱ्या या चिरांचा ‘सीझन क्रॅकिंग’ या नावाने आजही धातुशास्त्राच्या वर्गात अभ्यास होतो.

त्याचा नीट उलगडा पहिलं महायुद्ध संपल्यावर झाला. मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन या तीन ब्रिटिश संशोधकांनी १९२१ साली आपलं काम प्रसिद्ध केलं. पितळेची चकती थंड असतानाच ठोकून, ओढून तिची लांब नळी केली की धातूच्या आत ताण कोंडून राहतो. तो डोळ्यांना दिसत नाही, पण वर्षानुवर्षं जात नाही. फौजेची कोठारं आणि घोड्यांच्या पागा बहुधा जवळजवळ असत आणि पागांमधून अमोनिया हवेत मिसळत राही. कोरड्या हवेतला अमोनिया पितळेचं फारसं काही बिघडवू शकत नाही. पावसाळी हवेत मात्र धातूवर पाण्याचा न दिसणारा पापुद्रा धरतो. अमोनिया त्यात विरघळतो, पितळेतलं तांबं सोडवतो आणि धातूचे सूक्ष्म कण जिथे एकमेकांना भिडलेले असतात त्या सीमारेषा पोखरत आत शिरतो. आत कोंडलेला ताण ती वाट फाडत नेतो.

ताण, अमोनिया आणि ओल यांतलं एक जरी काढून घेतलं तरी चीर पडत नाही. पाऊस थांबवता येत नव्हता आणि त्या काळात घोड्यांशिवाय फौज चालत नव्हती. म्हणून ताण काढला गेला. पितळ साधारण २५० ते ३०० अंश सेल्सिअसपर्यंत शेकलं की त्याचा कडकपणा टिकतो आणि आतला ताण उतरतो. लष्करी काडतुसाच्या मानेवर आजही जो निळसर-तपकिरी पट्टा दिसतो, तो मान शेकल्याचीच खूण आहे.

पुण्याच्या कसबा पेठेतल्या तांबट आळीत भांड्यावर मठारकाम चालतं, तेव्हा हातोडीच्या प्रत्येक ठोक्याने धातू असाच ताठ होत जातो. म्हणून कारागीर मधेच थांबून भांडं भट्टीत तापवतात, नरम करतात आणि मग पुढचे ठोके घालतात. शुद्ध तांब्याला अमोनियाच्या चिरांचं भय फार थोडं. २० टक्क्यांहून जास्त जस्त असलेल्या पितळेला ते चांगलंच असतं. गोठ्यालगतच्या खोलीत ठेवलेल्या जुन्या पितळी हंड्याला काठाशी आपोआप चीर गेली, अशी तक्रार खेड्यांतून ऐकू येते. तिचं उत्तर बहुधा त्या काडतुसांच्याच गोष्टीत सापडेल.

*

गंज म्हटला की आपल्याला लोखंड आठवतं. तांबं, पितळ, कांसं, जस्त, कथील, शिसं, ॲल्युमिनियम, चांदी या साऱ्या अलोह धातूंकडे आपण ‘न गंजणारे’ म्हणून पाहतो. ते लोखंडासारखे तांबडे होऊन गळून पडत नाहीत, एवढंच त्यात खरं आहे. हवेतल्या पाण्याशी त्यांचंही नातं आहे, आणि प्रत्येकाचं वेगळं आहे.

पाऊस धातूला भिजवतो हे दिसतं. पाऊस नसताना धातू भिजतो हे दिसत नाही, आणि खरं नुकसान बरेचदा तिथेच होतं. ३० अंशांच्या हवेत घनमीटरमागे जास्तीत जास्त ३० ग्रॅमच्या आसपास वाफ मावते, २० अंशांच्या हवेत फक्त १७ ग्रॅम. हवेत आत्ता असलेली वाफ आणि मावू शकणारी वाफ यांचं प्रमाण म्हणजे सापेक्ष आर्द्रता. ती १०० टक्क्यांना पोचली तरच धातू ओला होईल असं वाटणं साहजिक आहे. प्रत्यक्षात त्याच्या कितीतरी आधी पाण्याचे रेणू धातूच्या पृष्ठभागावर थरावर थर बसू लागतात. ते थर पुरेसे झाले की त्यांतून विद्युतभारित कण इकडून तिकडे जाऊ शकतात, आणि मग धातूचा पृष्ठभाग हाच एक छोटा विद्युतघट बनतो. एका ठिकाणी धातू विरघळतो, दुसऱ्या ठिकाणी प्राणवायू वापरला जातो.

व्हर्नन या ब्रिटिश शास्त्रज्ञाने १९२० आणि ३०च्या दशकांत याचं मोजमाप केलं. तांब्याचे तुकडे त्याने गंधकाच्या धुराने दूषित हवेत ठेवले आणि आर्द्रता बदलत नेली. आर्द्रता साधारण ६३ टक्क्यांच्या खाली असताना हवेत भरपूर धूर असूनही तांब्याला फारसं काही झालं नाही. ती ७५ टक्क्यांपर्यंत गेली तेव्हा तोच धूर तांबं खाऊ लागला. मध्ये कुठेतरी एक उंबरठा होता. व्हर्ननने आणखी एक समज मोडला. जुन्या तांब्यावरचा सुंदर हिरवा थर कार्बोनेटचा असतो असं मानलं जाई. शहरांतल्या छपरांवरचा थर तपासल्यावर त्यात मुख्यतः तांब्याचं क्षारीय सल्फेट निघालं. तो रंग कोळशाच्या धुराने आणि ओलीने मिळून दिलेला होता.

धातूवर मीठ बसलेलं असेल तर हा उंबरठा खाली सरकतो. शुद्ध मीठ ७५ टक्के आर्द्रतेला हवेतलं पाणी ओढून स्वतःच पातळ होतं. पावसाळ्यात बरणीतल्या मिठाला पाणी सुटतं ते यामुळे. पण समुद्राच्या तुषारांतून उडणारं मीठ शुद्ध नसतं. त्यात मॅग्नेशियम क्लोराइड असतं आणि ते ३३ टक्क्यांपासूनच पाणी धरू लागतं. किनाऱ्यावरच्या खिडकीची पितळी कडी जानेवारीच्या दुपारीही पूर्ण सुकलेली नसते, हे आपल्या कधी मनातही येत नाही.

*

तापमानाचं काम याहून गुंतागुंतीचं आहे आणि मला ते जास्त वेधक वाटतं. रसायनशास्त्रातला ढोबळ नियम असा की तापमान १० अंशांनी चढलं की क्रियेचा वेग साधारण दुप्पट होतो. म्हणजे उष्ण प्रदेशात धातू लवकर खराब व्हायला हवेत. मग मे महिन्यात ४५ अंश पाहणाऱ्या चंद्रपूर-नागपुरात पितळेची भांडी सुखरूप कशी राहतात आणि ३२-३३ अंशांच्या मालवणात का बिघडतात?

कारण उष्णता धातूला सुकवतेसुद्धा. क्रिया वेगाने व्हायला उष्णता लागते आणि क्रिया मुळात व्हायलाच ओल लागते. ओल उडवणारीही तीच उष्णता. हवेतल्या क्षरणाच्या आंतरराष्ट्रीय मानकात, आयएसओ ९२२३ मध्ये, हे परस्परविरोधी काम सूत्रात बांधलेलं आहे. जस्त, तांबं आणि ॲल्युमिनियम या तिघांच्या सूत्रांत एक भाग गंधकाच्या प्रदूषणाचा आहे आणि दुसरा मिठाचा. प्रदूषणाच्या भागात वर्षाचं सरासरी तापमान १० अंशांपर्यंत चढतं तोवर क्षरण वाढतं आणि त्यापुढे तापमान वाढलं की ते घटू लागतं. मिठाच्या भागात मात्र असं वळण येत नाही. तिथे तापमान चढेल तसं क्षरणही चढत जातं. मीठ बसलेला पृष्ठभाग उन्हानेही पुरता सुकत नाही, तेव्हा उष्णतेकडे वेग वाढवण्याचं एकच काम उरतं. तांब्याच्या सूत्रात प्रदूषणाच्या भागापुरतं पाहिलं, तर आर्द्रतेची सरासरी १० टक्क्यांनी वाढली की क्षरण सुमारे १.८ पट होतं.

त्याच मानकाच्या आधीच्या, १९९२च्या आवृत्तीत एक फार उपयोगाची कल्पना होती: वर्षातले किती तास धातू ओला असतो? तापमान शून्याच्या वर आणि आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर, असे तास मोजायचे. पाऊस किती मिलिमीटर पडला याला या हिशेबात जागाच नाही. घाटमाथ्यावर पाच हजार मिलिमीटर पाऊस पडो की किनाऱ्यावर अडीच हजार, प्रश्न ओल किती वेळ टिकली याचा आहे. मला विचाराल तर धातू सांभाळणाऱ्या प्रत्येकाने, मग तो देवळाचा विश्वस्त असो की पत्र्याचा व्यापारी, लक्षात ठेवावी अशी ही एकच गोष्ट आहे.

पाऊस काही वेळा धातूचा मित्रही असतो. तो मीठ धुऊन काढतो. छपराच्या उघड्या बाजूपेक्षा वळचणीखालची, पडवीच्या आतली बाजू आधी खराब होते ती यामुळे. तिथे खारा वारा पोचतो, पण पाऊस पोचत नाही. जूनपासून सप्टेंबरपर्यंत उघडा पृष्ठभाग निदान धुतला तरी जातो. पाऊस गेला, ऑक्टोबरचा उकाडा सुरू झाला की मीठ साचत जातं आणि रात्रीच्या दवाने रोज भिजतं.

*

जस्ताचं उदाहरण पाहू, कारण कोकणातल्या साध्या माणसाचा बराच पैसा याच धातूवर खर्च होतो. घरावरचा, गोठ्यावरचा, शेडवरचा पत्रा पोलादाचा असतो आणि त्यावर जस्ताचा मुलामा असतो. जस्त स्वतः झिजून पोलाद वाचवतं. म्हणजे पत्र्याचं आयुष्य जस्ताच्या जाडीइतकं. चांगल्या पत्र्यावर दोन्ही बाजूंना मिळून चौरस मीटरला २७५ ग्रॅम जस्त असतं, म्हणजे एका बाजूला साधारण १९ मायक्रॉन. स्वस्त पत्र्यावर १२० ग्रॅम असतं, म्हणजे जेमतेम साडेआठ मायक्रॉन.

मानकातल्या मध्यम वर्गाच्या हवेत जस्त पहिल्या वर्षी ०.७ ते २.१ मायक्रॉन झिजतं. खाऱ्या, दमट किनाऱ्यासाठी जो वर्ग आहे त्यात ४.२ ते ८.४ मायक्रॉन. पुढच्या वर्षांत वेग थोडा उतरतो हे धरलं तरी हिशेब उघड आहे. देशावर वीसेक वर्षं सहज काढणारा पत्रा समुद्रालगत काही वर्षांत तांबूस डाग दाखवू लागतो, आणि १२० ग्रॅमचा पत्रा तिथे घालणं म्हणजे पैसे पाण्यात टाकणं. दुकानात पत्र्याची जाडी विचारली जाते, रंग विचारला जातो. जस्त किती ग्रॅम, हे फार थोडे लोक विचारतात. विचारायला हवं.

याहून जास्त हळहळ वाटते ती छपरावर चढण्याआधीच वाया गेलेल्या पत्र्यांची. आगोटीच्या तयारीत मे महिन्यात पत्रे आणले जातात, एकावर एक रचून प्लास्टिकच्या ताडपत्रीने गुंडाळून ठेवले जातात. रात्री गारवा येतो, ताडपत्रीखालच्या हवेतली वाफ पत्र्यांवर धरते आणि दोन पत्र्यांमधल्या फटीत पाणी अडकून बसतं. जस्ताला स्वतःचं संरक्षक कवच घडवायला ओलीबरोबर वाहती हवा लागते. हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन ते घट्ट चिकटणारं कार्बोनेट बनवतं. फटीत हवा पोचत नाही. तिथे बनतो जस्ताचा पांढरा, फुसका, पाणी धरून ठेवणारा भुरा. काही आठवड्यांत नवा पत्रा चुना सांडल्यासारखा दिसू लागतो. उपायाला खर्च नाही. पत्रे थोडे तिरपे, मध्ये पट्ट्या घालून, वारा खेळेल असे ठेवावेत. आच्छादन वरून असावं, पण बाजू मोकळ्या असाव्यात.

जस्ताच्या बाबतीत तापमानाचा एक विलक्षण खेळ गरम पाण्यात दिसतो. जस्त झिजून लोखंड वाचवतं हे नातं थंड पाण्यात पक्कं आहे. काही प्रकारच्या पाण्यात साधारण ६० अंशांच्या पुढे ते उलटू शकतं. जस्तावरचा थर बदलतो आणि वाचवणारा धातूच लोखंडाला झिजवू लागतो. गरम पाण्याच्या वाटेवर जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा असलेला, पाइप टाकू नये, हे जुने प्लंबर अनुभवाने सांगत आले त्यामागे हे कारण आहे.

*

दिवाळीच्या आधी घराघरांत समया, निरांजनं, ताम्हण, पळी-पंचपात्री, हंडे-कळशा बाहेर निघतात. चिंच, मीठ, लिंबू, राख, बाजारातली पावडर, जे हाताशी असेल त्याने घासून लखलखीत होतात. चार दिवसांत त्यांवर बोटांचे ठसे काळपट उमटतात आणि घरातली बाई वैतागते.

तांब्या-पितळेवर कोरड्या हवेत जो तपकिरी थर धरतो तो तांब्याचा ऑक्साइड असतो. तो घट्ट बसतो आणि खालचा धातू बऱ्यापैकी सांभाळतो. चिंचेतलं आम्ल तो थर विरघळवतं, मीठ त्या कामाला जोर देतं आणि उघडा, ताजा, अतिशय क्रियाशील धातू वर येतो. भांडं नीट धुतलं नाही तर मिठाचा अंश नक्षीच्या खाचांत आणि कडांच्या वळणांत राहून जातो. मग ऑक्टोबरची रात्र, दव, आणि सकाळी खाचांतून हिरवी रेघ. बोटांच्या ठशांचंही तेच आहे, घामात मीठ असतंच. भांडं घासल्यावर भरपूर पाण्याने धुऊन लगेच कोरड्या फडक्याने पुसायचं आणि थोडा वेळ उन्हात ठेवायचं, ही आजीची शिस्त रसायनशास्त्राच्या कसोटीला पूर्ण उतरते. पाणी आपोआप सुकू देण्यात ओलीचे तास वाढतात.

बिनकल्हईच्या पितळेच्या पातेल्यात ताक ठेवलं तर ते कळकतं. आंबट पदार्थ तांबं आणि जस्त ओढून घेतो. त्यावरचा तोडगा म्हणजे कथलाचा पातळ मुलामा. कथील अवघ्या २३२ अंशांना वितळतं, म्हणून कोळशाच्या साध्या भट्टीवर, नवसागराने धातू स्वच्छ करून, कापसाच्या बोळ्याने ते भांडंभर फिरवता येतं. नवसागर म्हणजे अमोनियम क्लोराइड. त्यात काडतुसांना तडकवणारा अमोनियाही आहे आणि किनाऱ्यावरचं क्लोराइडही. तापलेल्या भांड्यावर तो क्षणभर काम करून धुरात निघून जातो. थंड, ओल्या भांड्यावर तोच राहिला असता तर त्याने धातू खाल्ला असता. कल्हईवाला काम झाल्यावर भांडं पाण्यात बुडवतो ते यासाठीही आवश्यक असतं.

न्हाणीघरातला तांब्याचा बंब रोज पेटत होता तोवर बाहेरून क्वचितच हिरवा पडे. तापलेला धातू सभोवतालच्या हवेपेक्षा गरम असतो, त्यामुळे त्यावर वाफ धरत नाही. बंब बंद पडून माळ्यावर गेले आणि एका-दोन पावसाळ्यांत त्यांच्यावर हिरवे चट्टे आले. मुंबईच्या घरांतून कपाटात एक छोटा दिवा जळत ठेवायची पद्धत होती, तिचं गणितही हेच आहे. २७ अंशांची, ८५ टक्के आर्द्रतेची हवा नुसती ३२ अंशांपर्यंत तापवली की तिची आर्द्रता ६४ टक्क्यांच्या आसपास येते. हवेतलं पाणी तेवढंच राहतं, पण धातू उंबरठ्याच्या सुरक्षित बाजूच्या जवळ येतो.

*

याच्या नेमकं उलट देवळाच्या गाभाऱ्यात घडतं. जाड दगडी भिंती, आत कधी न येणारं ऊन आणि मधोमध काही मणांची धातूची मूर्ती. मृगाच्या सुमारास बाहेरची हवा एकाएकी दमट होते. ३० अंशांच्या, ८० टक्के आर्द्रतेच्या हवेचा दवबिंदू साधारण २६ अंश. गाभाऱ्यातली मूर्ती २५ अंशांवर असेल, तर तिच्यावर पाणी साचणारच. देवाला घाम फुटला म्हणून गाव जमतं. ज्यांची श्रद्धा आहे त्यांनी हात जोडावेत. माझी विनंती इतकीच की त्यानंतर मऊ सुती फडक्याने मूर्ती टिपून कोरडी करावी, कारण त्या थेंबांत आदल्या दिवशीच्या अभिषेकाचं दही, मध, साखर आणि धुपाची काजळी विरघळलेली असते. हिरवं दिसलं म्हणून पावडर घेऊन घासत बसलं, तर दर खेपेला धातूचा थोडा अंश जातो. पिढ्यान्‌पिढ्या अशा घासण्याने नाक-डोळे सपाट झालेले पंचधातूचे मुखवटे आपल्याकडे थोडे नाहीत. ते हवेने झिजलेले नाहीत, आपल्या हातांनी झिजलेले आहेत.

घंटांचं नशीब त्या मानाने बरं. १७३९ साली चिमाजी अप्पांनी वसई घेतली तेव्हा तिथल्या चर्चच्या घंटा वर देशावर आल्या. नाशिकच्या नारोशंकराच्या देवळात, भीमाशंकरला, वाईजवळ मेणवलीला त्या आजही आहेत. खाडीच्या वाऱ्यातून निघून त्या सह्याद्रीच्या पलीकडे गेल्या. जुन्या गोव्यातल्या से कॅथेड्रलची प्रसिद्ध सोनेरी घंटा मात्र अजून मांडवीच्या दमट वाऱ्यातच वाजते. घंटेच्या कांशात सुमारे पाचवा हिस्सा कथील असतं. त्याचं ऑक्साइड पृष्ठभागावर चिवट थर धरतं. उघड्यावर टांगलेल्या घंटेला वारा लागतो आणि ती लवकर सुकते.

*

आजच्या घरातला सर्वांत ओला तांब्याचा तुकडा एसीच्या आत आहे. गारवा देणारी कॉइल चालू असताना सतत दवबिंदूच्या खाली असते, म्हणजे सतत भिजलेली असते. किनाऱ्यावरच्या इमारतींत दर एक-दोन वर्षांनी ‘गॅस गेला’ म्हणून मेकॅनिक येतो, गॅस भरतो आणि जातो. तांब्याच्या नळीत डोळ्यांना दिसणार नाहीत अशी छिद्रं पडलेली असतात. सूक्ष्मदर्शकाखाली नळी उभी कापून पाहिली की मुंग्यांच्या वारुळासारखे फाटे फुटलेले बोगदे दिसतात, आणि शास्त्रीय भाषेतही या क्षरणाचं नाव मुंग्यांच्या घरट्यावरूनच पडलं आहे. ते घडवतात फॉर्मिक आणि ॲसिटिक आम्लांचे अंश, जे नवीन फर्निचरच्या लाकडातून, डिंकांतून, काही सफाईच्या द्रावणांतून बंद खोलीच्या हवेत येतात आणि कॉइलवरच्या पाण्यात जाऊन बसतात. बाहेरच्या युनिटचा प्रश्न निराळा. तिथे तांब्याची नळी आणि ॲल्युमिनियमची पाती एकमेकांना चिकटून असतात. मिठाचं पाणी दोघांना जोडतं आणि ॲल्युमिनियम भुगा होऊन गळतं. एसी चालू असताना ती कॉइल गरम आणि कोरडी असते, बंद असताना खारी आणि ओली. साध्या गोड्या पाण्याने ती अधूनमधून धुणं, हा समुद्रकाठच्या लोकांसाठी सर्वांत स्वस्त उपाय आहे.

विजेच्या खांबावर तांब्याची तार ॲल्युमिनियमच्या तारेला जोडताना लाइनमन बायमेटलचा, म्हणजे दोन धातूंचा, लग वापरतात त्याचं कारणही हेच. नुसता पीळ मारलेला जोड कोरड्या गावात पुष्कळ दिवस चालतो. खाऱ्या गावात तो पांढरा पडतो, तापतो आणि जळतो.

*

या सगळ्यात मला खरी काळजी वाटते ती संग्रहालयांतल्या आणि लोकांच्या घरच्या जुन्या धातूंची, कारण पत्रा नवा आणता येतो. महाराष्ट्राच्या मातीने अपूर्व धातुकाम सांभाळून ठेवलं. प्रवरेकाठी दायमाबादला १९७४ साली सापडलेले रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा मिळून ६० किलोंहून अधिक वजनाचे आहेत. कोल्हापूरच्या ब्रह्मपुरीच्या टेकाडातून रोमन समुद्रदेवाची देखणी मूर्ती निघाली. शतकानुशतकं मातीत पडलेली वस्तू तिथल्या ओलीशी आणि क्षारांशी जमवून घेते. ती बाहेर आली की धोका सुरू होतो.

मातीतल्या मिठामुळे कांशाच्या पोटात, हिरव्या कवचाखाली, तांब्याचं एक क्लोराइड मेणचट थरासारखं दडलेलं असतं. कोरड्या हवेत ते निपचित पडून राहतं. आर्द्रता ४२ ते ४६ टक्क्यांच्या पुढे गेली की ते पाणी आणि प्राणवायू घेऊन फिकट हिरव्या भुकटीत बदलतं. बदलताना आम्ल सोडतं, ते आम्ल पुन्हा आतलं तांबं खातं, नवं क्लोराइड बनतं. मार्सेलँ बर्तेलो या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १८९०च्या दशकात हे चक्र ओळखलं. याला कांशाचा रोग म्हणतात. भुकटी जास्त जागा घेते, कवच फुगून फुटतं, आणि दोन हजार वर्षं टिकलेली वस्तू एका पावसाळ्यात खिळखिळी होऊ शकते. संग्राहक अशा भुकटीला जुनेपणाची खूण समजून कौतुकाने दाखवतात तेव्हा जीव कळवळतो. गुळगुळीत, घट्ट, गडद हिरवा थर स्थिर असतो. बोटाला लागणारी फिकट हिरवी पूड म्हणजे आत्ता, या क्षणी चाललेलं क्षरण. तिथे पॉलिश, तेल, लिंबू काही लावू नये. वस्तू कोरड्या बंद डब्यात ठेवून संवर्धकाला गाठावं. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात संवर्धन केंद्र आहे. १९६०च्या दशकापासून बेंझोट्रायझोल नावाचं रसायन तांब्यावर संरक्षक पापुद्रा धरण्यासाठी जगभर वापरलं जातं, पण ते विषारी आहे आणि ते माहीतगार हातांतच असावं.

अडचण अशी की ४० टक्क्यांच्या खालची हवा कांशाला मानवते, पण लाकडाला, हस्तिदंताला, चित्रांना ती तडकवते. त्यांना ५० टक्क्यांच्या आसपास हवी असते. एकाच दालनात दोघांची सोय होत नाही. म्हणून कांशाच्या वस्तूंची पेटीच वेगळी करावी लागते, हवाबंद, तळाशी सिलिका जेलचा कप्पा असलेली.

पेटी कशाची, हाही प्रश्न आहे, आणि इथे शिसं येतं. सातवाहनांनी शिशाची नाणी भरपूर पाडली. ती संग्रहालयांत आहेत आणि खासगी संग्रहांतही आहेत. ती मखमल लावलेल्या सुंदर लाकडी कप्प्यांत ठेवली जातात. लाकूड ॲसिटिक आम्लाची वाफ सोडतं. ओकसारखी लाकडं जास्त सोडतात, आणि प्लायवूड किंवा एमडीएफमधल्या डिंकातून फॉर्मिक आम्लाची भर पडते. हवा दमट असेल तर ही वाफ शिशावर बसून त्याचं पांढरं कार्बोनेट करते. पूर्वी रंगाचा सफेदा बनवायला शिसं व्हिनेगरच्या वाफेत आणि शेणखताच्या उबेत मुद्दाम याच क्रियेने झिजवत. बंद लाकडी कप्प्यात, जुलैच्या हवेत, आपण तोच सफेदा नाण्याचा करतो. नाण्यावरचा हत्ती, जहाज, उज्जैन चिन्ह त्या भुकटीबरोबर झडून जातं आणि ते परत आणता येत नाही.

पावडर कोटिंग केलेलं पोलादी कपाट, पॉलिप्रॉपिलीनचे डबे, आम्लमुक्त कागद, आणि प्रत्येक पेटीत काही शे रुपयांचा आर्द्रतामापक, एवढ्याने तालुक्याच्या छोट्या संग्रहालयातसुद्धा बरंच काही वाचतं. सिलिका जेल एकदा भरून विसरून जायची वस्तू नाही. ते पाण्याने भरलं की रंग बदलतं आणि मग उलट काम करतं, पेटीतली हवा दमट ठेवतं. ते काढून साधारण १०० ते १२० अंशांवर काही तास ओव्हनमध्ये सुकवावं लागतं, आणि पावसाळ्यात हे वारंवार करावं लागतं. म्हणून मे महिन्यातच जेलचा दुसरा संच सुकवून तयार ठेवावा आणि जून ते सप्टेंबर आर्द्रतामापक रोज वाचून तो आकडा लिहिण्याचं काम एका माणसाच्या नावावर टाकावं.